झडप तू काढली होतीस, गजाभाऊ

गजाभाऊ, गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात तुझ्या शोकसभेत मी बराच वेळ बोललो. नंतर लोकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, तुम्ही फार मनापासून बोललात. मला तिथंच ओकारी येईल असं वाटलं. आली नाही. बाहेर नळावर चूळ भरली आणि परत दुसऱ्या रांगेत येऊन बसलो.

काय बोललो ते ऐक. "गजाननरावांना तरुणपणी यंत्रांचा नाद होता. एका दुर्दैवी प्रसंगानंतर त्यांनी तो सोडला आणि वडिलांची भिक्षुकीची वृत्ती शांतपणे स्वीकारली." शांतपणे म्हणालो मी. माझ्यानंतर अध्यक्ष उठले. ते म्हणाले, "त्या जीपनं घात केला, पण त्या निमित्तानं आपल्या रामघाटाला एक चांगला वैदिक परत मिळाला." लोक हळूच हसले, शोकसभेत हसतात तसे. मीही हसलो. माझे दात दिसले असतील.

हे मी तुला लिहितो आहे, पण ते मोठ्यानं वाचलंही जाणार आहे. वहिनींनी बजावलंय की सगळ्यांना कळेल असं लिहा. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तू वैतागशील. "पाल्हाळ नको श्रीपाद, नट कुठला सैल आहे ते बोल," असं तू म्हणायचास. येतो तिथं.

मलदहियाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपली जीप उभी असायची. लष्करानं टाकून दिलेली, हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटत चाललेला. गंगेकाठच्या रामघाटाच्या गल्ल्यांत दोन माणसं शेजारून जायची मारामार, तिथल्या भटजीच्या मुलानं जीप घेतली म्हणून सगळ्या घाटानं तुझी टर उडवली. नावाडी विचारायचे, "का गज्जू गुरु, गाड़ी पूजा में बैठी कि पूजा गाड़ी में?" तू सकाळी यजमानांचं काम उरकायचास, धोतर सोडून खाकी पँट चढवायचास आणि मैदागिनच्या रिक्षांपर्यंत जवळजवळ पळत यायचास. मी तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत असे. दुपारी सुटलो की मीही शेडवर. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. तू पाना माग, मी पाना दे.

तुझं नट आवळणं मला अजून ऐकू येतं. एक झाला की शेजारचा घ्यायचा नाही, समोरचा घ्यायचा. मग परत मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. हे तू वेदपठणातल्या जटापाठाच्या चालीवर म्हणायचास, "एक-तीन, तीन-एक, एक-तीन, तीन-पाच, पाच-तीन, तीन-पाच." खरादवाले मिस्त्री, ज्यांच्या लेथवर आपले सगळे भाग निघायचे, ते हातातलं काम थांबवून बघायचे.

"गुरु, नट कस रहे हैं कि हवन कर रहे हैं?"

"दोनों में हड़बड़ी नहीं चलती, मिस्त्री."

त्या पावसाळ्यात आपण चकियाच्या बाजूला एका नाल्यातून जीप काढली. पलीकडच्या उतारावर मागचे ब्रेक लागेचनात. ड्रममध्ये पाणी आणि चिखल भरला होता, आतल्या पट्ट्या नुसत्या घसरत होत्या. आपण मोहाच्या झाडाला जाऊन टेकलो. मी देवाचं नाव घेत होतो आणि तू खाली उतरून चाकाकडे बघत म्हणालास, "हे ड्रम काढून टाकायचे. मागं डिस्क लावायची. उघडी तबकडी, चिखल टिकणारच नाही."

छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना तेव्हा डिस्क येऊ लागल्या होत्या. त्या भंगारातून मिळवल्यास. जीपच्या हबवर बसाव्यात म्हणून मधलं भोक मोठं करून घेतलंस. जाड पत्र्याचे ब्रॅकेट कापून घेतलेस. त्यांच्यावर कॅलिपर बसायचा. घरी वहिनींना समजावताना तू सांडशी दाखवली होतीस, "पातेलं धरतेस ना, तसा हा कॅलिपर चाकाची तबकडी धरतो." आणि ब्रेकचं तेल पाइपात ढकलणारा मास्टर सिलिंडर उघडून त्यातली एक बारीक झडप काढलीस. ती पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवते. ड्रमला तो लागतो. डिस्कला लागत नाही, उलट ब्रेक सतत घासत राहतो, तापतो, तेल उकळतं. ती पितळी झडप तू माझ्या तळहातावर ठेवलीस. "ही ठेव. हरवलीस तरी चालेल, हिचं काम संपलं."

अहरौऱ्याच्या खाणवाल्या ठाकूरसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांच्याकडे अशाच सहा जुन्या जीपा होत्या आणि सहाही नाल्यापलीकडे धड थांबत नसत. ते शेडवर येऊन म्हणाले, "पंडितजी, चला के तो सब दिखाते हैं. आप हमारे नाले में उतार के रोक के दिखाइए." ते काम मिळालं असतं तर अण्णांनी, तुझ्या वडिलांनी, घाटावरची गादी धाकट्याकडे देऊन तुला मोकळं करायचं कबूल केलं होतं. अण्णांकडून एवढं मिळवायला तुला नऊ वर्षं लागली होती. तारीख ठरली. आणि आदल्या दिवशी तू तापानं फणफणलास.

राहिलं होतं एवढंच, दोन कॅलिपर बसवायचे आणि पाइपातली हवा काढायची. तू म्हणालास, "थांब, ठाकूरसाहेबांना निरोप दे, आठवडाभरानं करू." मी म्हणालो, "मी करतो." तू माझ्याकडे बघितलंस. मला तुझा हेवा वाटायचा, गजाभाऊ. हेही आज लिहून टाकतो. माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट उभी राहिली नव्हती, आणि तुझ्या हातात लोखंड मऊ व्हायचं.

कॅलिपरांवर तू खुणा ठोकल्या होत्यास. डावा-उजवा लिहिलं नव्हतंस, कारण आपण "डावा" म्हटलं की मिस्त्री "दायाँ" ऐकायचे आणि नेमकं उलट करून ठेवायचे. तीनदा तसं झालं. तेव्हा तू वैतागून एकावर "स" ठोकलास आणि दुसऱ्यावर "अ". सव्य आणि अपसव्य. "घ्या, आता देवभाषेत. आता चुका करून दाखवा." तुमच्या घरात जानवं डाव्या खांद्यावर म्हणजे सव्य. तुझ्या लेखी स म्हणजे डावा, यात विचारण्यासारखं काय होतं? माझे वडील शाळामास्तर, आमच्याकडे सव्य म्हणजे प्रदक्षिणेची बाजू, उजवी. मी स उजव्या चाकाला लावला.

इथपर्यंत ती चूक होती. कुणाच्याही हातून होईल अशी. पुढचं ऐक.

कॅलिपरला हवा बाहेर काढायचं एक बारीक तोंड असतं, निपल म्हणतात मिस्त्री लोक. ते वरच्या अंगाला हवं, कारण तेलातली हवा वर चढते. मिस्त्री सीटवर बसून पेडलवर पाय मारत होते, मी जीपखाली आडवा होतो. निपल उघडलं, तेल आलं, दोन बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे तोंड खाली आहे. दोन्हीकडे खाली. मी कॅलिपर उलटे लावले होते. हवा वर कोंडून बसली होती आणि खालून तेल स्वच्छच येणार होतं.

मिस्त्रींनी वरून विचारलं, "निकल गई?"

पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे दोन तास. मिस्त्रींना मेव्हण्याच्या बारातीला जायचं होतं, त्यांचे कपडे खुंटीवर तयार होते. माझ्या कोपराला खरचटलं होतं. आणि खोललं असतं तर त्यांना कळलं असतं की या बाबूनं उलटं लावलं. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर लिहिलं असतं.

"निकल गई," मी म्हणालो.

मग तुझ्याकडे आलो. तू वरच्या खोलीत दोन रजया पांघरून पडला होतास. वहिनी काढा घेऊन उभ्या होत्या. डोळे न उघडता तू विचारलंस, "झालं?"

"झालं."

"निपल वरती ना?"

"हो."

त्या एका 'हो'ची घाण आठ वर्षं माझ्या तोंडात आहे. सुपारीनं जात नाही, चूळ भरून जात नाही.

सकाळी ताप थोडा उतरला होता. घरातले सगळे नको म्हणत असताना तू स्टिअरिंगवर बसलास, मी शेजारी. विद्यापीठाजवळच्या लंकेच्या रस्त्यावर तू दोनदा पेडल दाबून बघितलंस आणि म्हणालास, "मऊ लागतंय रे. हवा नाही ना राहिली?" मी म्हणालो, "नवं आहे, बसेल." तुझ्यासारख्या माणसानं उतरून बघायला हवं होतं. पेडल तुला खरं सांगत होतं, तू माझं ऐकलंस.

सामनेघाटाला नदीवरच्या तरंगत्या पिप्यांच्या पुलाकडे वाळूतून तो उतार जातो, लोखंडी पत्रे टाकलेला. तिथं तू ब्रेक दाबलास आणि पेडल थेट तळाला गेलं. जुन्या जीपला पुढच्या-मागच्या चारी चाकांना एकच पाइप, मागच्या हवेनं सगळंच गेलं. तू हँडब्रेक ओढलास. तो धरू लागला होता, पण समोर सायकलला दुधाचे हंडे टांगून लालमन चालला होता. आपल्याच गल्लीत दूध घालणारा लालमन. त्यानं मागं वळून पाहिलं, आपल्याला ओळखलं आणि हसलाही. तो बाजूला होईल असं आपल्याला वाटलं आणि आपण थांबू असं त्याला.

त्याचा पाय मांडीतून मोडला. वाळूवर दूध सांडलं होतं आणि लोक त्यातून चालत येत होते.

पोलिसांनी विचारलं, हे ब्रेकचं काम कुणी केलं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू म्हणालास, "मैंने बनाया है." मी गप्प राहिलो. त्या वेळी मला हायसं वाटलं होतं, गजाभाऊ. भीती ओसरून पोटात ऊब येते तसं.

जीप ठाण्याच्या आवारात अडकली, आणि पुढे तुला एकदाही न दाखवता अण्णांनी ती भंगारात काढली. ठाकूरसाहेबांनी निरोपसुद्धा पाठवला नाही. तू घाटावर भटजींच्या छत्रीखाली बसू लागलास. पिंडाचं पीठ मळू लागलास. मलदहियाच्या रस्त्यानं जायचं झालं तर कबीरचौऱ्यावरून वळसा घालायचास. लोक म्हणत, सुधारला. मी तुझे हात बघायचो. ते पिठातही एक-तीन, तीन-एक करत असायचे आणि मध्येच थांबायचे.

आणि तो प्रश्न. शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसलो की तू विचारायचास, "श्रीपाद, मास्टर सिलिंडरातली झडप मी काढली होती रे?" तू सगळं मनात शंभरदा खोलून पुन्हा बांधलं होतंस. ब्रॅकेट बरोबर, हब बरोबर, निपल वर आहे असं श्रीपाद म्हणाला, म्हणजे ते बरोबर. उरली ती झडप. ती राहिली असेल तर ब्रेक घासला, तापला, तेल उकळलं, पेडल गेलं. तुझा हिशोब चोख होता. एक आकडा मी खोटा दिला होता.

झडप माझ्या घरी टेबलाच्या खणात होती. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "आठवत नाही." दुसऱ्यांदा म्हणालो, "राहिली असेल, गजाभाऊ. माणूस आहे, राहतं." आणि तुझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुझं सांत्वन केलं! त्या संध्याकाळी नाव करून मधल्या धारेत गेलो आणि झडप गंगेत टाकली. नावाडी म्हणाला, "का बाबू, कौनो मनौती?" नवस का, या त्याच्या प्रश्नाला मी हो म्हणालो. माझं हो तेव्हापासून असंच निघतं, सहज.

यावरून आपण भांडलोही आहोत. तू म्हणायचास, झडप मी काढली असणार, मी असा विसरणारा नाही. मी म्हणायचो, नऊ कामं डोक्यात होती, अंगात ताप भरत होता. तू चिडायचास, मग चेहरा पडायचा. "असेल. आपल्या हाताला लोखंड मानवत नाही," असं तू पहिल्यांदा म्हणालास तो दिवस मला आठवतो. ते वाक्य तुझं नव्हतं. मी तुझ्या तोंडात भरवलेलं होतं, घास घासानं.

तरीही तू माझ्याशी किती चांगला वागलास. माझी आई गेली तेव्हा तिचं सगळं तूच केलंस, एक मंत्र न गाळता. माझ्या मुलीची मुंज करत नाहीत म्हणून ती रडली, तर तिला मांडीवर घेऊन गायत्री शिकवलीस. तुझ्यासारखा मित्र मिळाला याबद्दल देवाचे आभार मानायला गेलो की शरम वाटते. मिळाला आणि मी काय केलं त्याचं?

दहाव्याला घाटावर भटजी तुझ्या धाकट्या भावाला म्हणाले, "अपसव्य करा." त्यानं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. तेव्हा, त्याच्या मांडीवर दर्भ पडलेला असताना, आईच्या वेळी नुसताच पाळलेला तो शब्द मला पहिल्यांदा नीट कळला. मी उठून पायऱ्या चढून गेलो. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. तेराव्याला जेवलो. तीन लाडू खाल्ले. मला भूक होती, हे सांगताना किळस येते, पण होती.

जेवण झाल्यावर लालमन दारात पायरीवर बसलेला दिसला, काठी शेजारी आडवी ठेवून. आत ये म्हटलं तर आला नाही. डोळे पुसत म्हणाला, "गुरु आदमी सोना रहे, बाबू. बस हाथ खराब रहा."

हे मला सहन झालं नाही. का ते सांगता येणार नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. त्यानं तुला क्षमा केली होती, ज्याची तुला गरज नव्हती.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या शाळेच्या वह्या तपासत होत्या. सुट्टी संपली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं नाही.

"मी तिथं होते, भावजी," त्या म्हणाल्या. "काढा घेऊन उभी होते. तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"आठ वर्षं हा माणूस अर्ध्या जेवणावरून उठायचा. बोटानं ताटात पाइप काढायचा, तेलाची वाट काढायचा. मी म्हणायचे, अहो, पुरे करा. मला वाटायचं, वेड लागतंय की काय." मग पुढची वही ओढत, "तेराव्याला तुम्हाला तिसरा लाडू मीच आग्रहानं वाढला."

मी म्हणालो, "वहिनी, मला क्षमा..."

"ते माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे ठेवायला जागा नाही त्याला." आणि मग शिक्षिकेच्या आवाजात, "लिहा. मंडळात जिथं उभे राहून बोललात तिथंच उभे राहून वाचा. लालमनला मी बोलावते. त्याच्यासाठी हिंदीतही करा. मराठीत आपण आपल्यात फार चालवून घेतो."

मी लिहिलं. काल कच्चा कागद त्यांना दाखवायला नेला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. कुठं डोळ्याला पदर लावला नाही, कुठं थांबल्या नाहीत. तुझ्या कौतुकाच्या, आपल्या थट्टेच्या जागा तशाच ठेवल्या. परत दिला तेव्हा त्यात एकाच ठिकाणी लाल रेघ होती. शेवटी मी लिहिलं होतं, "त्या दिवशी निपल खाली राहिलं." वहिनींनी "राहिलं" खोडून वर लिहिलं होतं, "ठेवलं." आणि वाक्याच्या आधी, जिथं मी जागाच सोडली नव्हती, तिथं समासात, "मी."

रविवारी सगळ्यांसमोर तसंच वाचणार आहे. हिंदीतही तसंच. झडप तू काढली होतीस, गजाभाऊ. ब्रेक तू बरोबर बांधला होतास. मी त्या दिवशी निपल खाली ठेवलं, आणि तू विचारलंस तेव्हा ते मला माहीत होतं.